चौथा भिडू

विषय पत्त्यांचा आहे, पण बाप्पा रागावणार नाही. गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटले नाहीत असं घर दाखवा!

मेंढीकोटाला चार भिडू लागतात. हे गेले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. नातवाने मोबाइलवर खेळ घालून दिला. परवा भुसावळच्या गाडीत नवापूरच्या पुढे रेंज गेली आणि हातात हुकूम असताना डाव बंद!

तुर्कस्तानात ‘ओके’ खेळतात. पत्त्यांऐवजी सोंगट्या, चार रंग, १ ते १३ आकडे, प्रत्येकी दोन, वर दोन खोटे जोकर, एकूण १०६. आपल्या रमीचा चुलतभाऊच. तो मोबाइलवर नेटशिवायही खेळता येतो.

पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, उत्तमच झालं. आम्हाला पैसे लावायचेच नाहीत. मंडळात संगणकातली एवढी पोरं आहेत. मराठी बोलणारा, मोठ्या अक्षरांचा, नेट न मागणारा मेंढीकोट बनवा की! चारही मेंढ्या कशा वाचवायच्या ते मी शिकवते. आणि हो, चुकीचं पान टाकलं की त्या भिडूने ओरडायला हवं. हे ओरडायचे.