टोळीतील बालके आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, काटकसरीचे विवाह, वसतिगृहाची इमारत अशा विषयांवर विद्वान वक्ते आपणांस मार्गदर्शन करितात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांतून सारे आयुष्य घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. तथापि चिटणीसांनी आग्रह केला, तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ मनात सलत असलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवावी असे आम्ही ठरविले. विषय बालकांच्या लसीकरणाचा आहे. मात्र तो आपल्या घरच्या बालकांचा नसून आपल्या बांधावर येऊन राहणाऱ्या बालकांचा आहे.

या सभेत आमच्या वयाचे जे गृहस्थ बसले आहेत, त्यांनी आपला दंड पाहावा. त्यावर देवी काढल्याचे वण दिसतील. गावात देवी काढणारा आला की आम्ही मुले कणगीमागे लपत असू आणि आजी कान धरून ओढून आणीत असे. त्या वेळी रडलो खरे. पण मे १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा नवा रोगी निर्माण झाला नाही आणि १९८० साली साऱ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाला देवीचा कोप समजून आपले पूर्वज हात जोडीत, तो दंडावरच्या दोन टोचण्यांनी नाहीसा झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

ही विद्या आपल्या मुलखात आली तीही बालकांच्याच अंगावरून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली व ती लागू पडली. बगदाद आणि बसरा या मार्गाने ती लस एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी टिकवीत आणावी लागली होती. आज तसे काही करावे लागत नाही. १९८५ सालापासून सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम चालू आहे. शीतपेटीत बर्फाच्या साहाय्याने दोन ते आठ अंश उष्णतामानात लस खेडोपाडी पोहोचते आणि ती विनामूल्य टोचली जाते. मग प्रश्न उरला कोठे? तो सांगण्यासाठी आम्हांस २००४ सालात जावे लागेल.

त्या वेळी आम्ही ऊसपट्ट्यातील एका खेड्यात नोकरीस होतो. पल्स पोलिओच्या रविवारी शिक्षकांची नेमणूक केंद्रावर होत असे. सकाळी केंद्र मांडावयाचे, मुलांना दोन थेंब पाजावयाचे, डाव्या करंगळीला शाई लावावयाची आणि पुढील दिवसांत घरोघर हिंडून उरलेली मुले शोधावयाची. कालव्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या पंधरा-वीस कोप्या पडल्या होत्या. आम्ही तेथेही गेलो. पाचटाच्या झोपड्यांतून वाकून वाकून एकूण एक मूल बाहेर काढले व डोस पाजला. तक्त्यावर 'शंभर टक्के' असे लिहून आम्ही खाली सही केली, आणि खरे सांगावयाचे तर त्या सहीचा आम्हांस अभिमान वाटला.

त्या टोळीतील एक सात वर्षांचा मुलगा आमच्या शाळेच्या ओसरीवर येऊन बसत असे. पोलिओच्या रविवारानंतर काही आठवड्यांनी तो तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, धाकली गेली. गवर उठला हुता."

धाकली म्हणजे त्याची सव्वा वर्षाची बहीण. गोवराचे पुरळ उठले, मागून छाती भरली, आणि तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. आम्ही कोपीवर गेलो. मनातील प्रश्न ओठांवर आलाच. "बाई, हिला गोवराची लस टोचली नव्हती काय?" त्या माउलीने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "गुरुजी, तुमीच पाजला की डोस. बोटाला शाई बी लावली."

सभ्य गृहस्थहो, त्या वाक्यानंतर आमच्या 'शंभर टक्क्यां'चे मोल आम्हांस कळले. पोलिओचे दोन थेंब पोलिओपुरते असतात. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसी निराळ्या, त्यांचे दिवस निराळे. हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते, आणि मुलीची करंगळी हातात धरून उभ्या असलेल्या आम्हांसही "हिचे कार्ड कोठे आहे?" एवढे तीन-चार शब्द विचारावे असे सुचले नाही. मोहिमेने पोलिओ हटविला, ही लहान गोष्ट नव्हे. भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु मोहीम एका दिवसाची असते. नेहमीचे लसीकरण दीड-दोन वर्षे त्याच मुलाकडे पुन्हा पुन्हा जाण्याचे काम असते. हिंडत्या मुलाचे हेच काम चुकते.

ते कसे चुकते, हे शिक्षकाच्या सवयीप्रमाणे हिशेबाने सांगतो. जन्मतः बीसीजी व कावीळ-ब यांची लस आणि पोलिओचा डोस. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास पेंटाव्हॅलंट व तिच्या बरोबरच्या लसी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. आता टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते व पाडव्याच्या सुमारास परतते. कार्तिकात जन्मलेल्या बालकाचे सहा, दहा आणि चौदा हे तिन्ही आठवडे फडावर जातात. फाल्गुनात जन्मलेल्याचा नववा महिना मार्गशीर्षात, म्हणजे पुढल्या हंगामात पडतो. गावाकडील यादीत त्याच्या नावापुढे 'बाहेरगावी' असे लिहिले जाते आणि येथील यादीत त्याचे नावच नसते. असे मूल एका वहीत गैरहजर आणि दुसऱ्या वहीत अज्ञात राहते.

कोणी म्हणेल, ही माणसे अडाणी, सुईला भितात. आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. पण पुढे अनेक हंगाम त्या कोप्यांतून बसल्यावर कारण निराळेच निघाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. लस टोचल्यावर मूल एखादी रात्र तापते, हे स्वाभाविक आहे. पण ते उराशी घेऊन आई कोपीवर राहिली की खाडा पडतो, आणि खाड्याची रक्कम उचलीत वाढते. एका बाईने आम्हांस विचारले, "सुई फुकट हाय, पर खाडा कोन भरनार?" या प्रश्नाचे उत्तर आरोग्यसेविकेच्या शीतपेटीत नाही. ते आपल्याजवळ आहे. कारण तो ऊस आपला आहे.

बंधूंनो, या मंडळाच्या सभासदांत ऊस बागायतदार आहेत, ट्रॅक्टरमालक आहेत, वीटभट्टीवाले व यंत्रमागवाले आहेत. टोळीतील माणसे आपल्या ज्ञातीची नाहीत, हे खरे. पण गोवर ज्ञाती विचारीत नाही. शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच त्याची साखळी तुटते. एरवी उरलेल्यांमधून तो वाट काढतो. २०२२ साली मुंबई व भिवंडी येथे गोवराने बालके दगावली, ती वर्तमानपत्रांतून आपण वाचलीच असतील. डिसेंबर २०१४ पासून सरकारने सुटलेल्या बालकांसाठी मिशन इंद्रधनुष चालविले आहे, आणि आता यू-विन या संगणकीय नोंदवहीमुळे एका गावची नोंद दुसऱ्या गावी पाहता येते. तरीही ती नोंद उघडण्याआधी कोणाला तरी ते मूल दिसले पाहिजे. ज्याच्या शेतात कोपी पडते, त्याला ते सर्वांआधी दिसते.

म्हणून या सभेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्याच्या रानात टोळी उतरेल त्याने आठवड्याच्या आत आशाताईंना किंवा उपकेंद्रात कळवावे की येथे पाच वर्षांखालील इतकी मुले आली आहेत. दुसरी, लसीचा दिवस व त्याच्या पुढचा दिवस मुलाच्या आईचा खाडा धरू नये, असे मुकादमाशी आधीच ठरवून घ्यावे. ती मजुरी आपण सोसावी. दोन दिवसांच्या मजुरीने कोणी बागायतदार बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिसरी विनंती आमच्या भगिनींना आहे. त्यांनी कोपीवर जाऊन लसीकरणाचे कार्ड पाहावे व ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यावे. राहिलेल्या मात्रा पुढे चालू करता येतात, सारे पहिल्यापासून करावे लागत नाही. गोवर-रुबेलाची चुकलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. हे सांगावयास डॉक्टर असण्याची गरज नाही.

आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले, भाषाही परकी असलेल्या सैनिकांची त्यांनी शुश्रूषा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेविला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपणांस इतके दूर जावयाचे नाही. कालव्याच्या कडेपर्यंत जावयाचे आहे.

या तीन गोष्टींचा ठराव कार्यकारिणीने येत्या हंगामापूर्वी करावा, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीसोबत, आपल्या सभासदांच्या रानातील किती मुलांची कार्डे पुरी झाली तो आकडा छापावा, अशी आमची प्रार्थना आहे. तो आकडा शंभर टक्के नसला तरी चालेल. खरा असावा. शंभर टक्क्यांवर सही करून आम्ही एकदा चुकलो आहोत.