डिझेलची ओढ आणि भिसे खिंडीचा चढ

पेणला घर आणि रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे. जाऊन-येऊन रोजचे ऐंशी किलोमीटर. दिवा-रोहा गाडी आहे. पण तिची वेळ आणि माझ्या पाळीची वेळ यांची पत्रिका जुळत नाही. तेव्हा बारा वर्षांची पेट्रोलवरची छोटी मोटार हाच आधार. नागोठण्यापर्यंत ती कुरकुरत नाही. पुढे भिसे खिंडीचा चढ लागला, गाडीत चौघं असली आणि एसी चालू असला, की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागतो.

म्हणून सध्या घरात एकच विषय आहे. ही विकून जुनी, पण दमदार डिझेल हॅचबॅक घ्यावी का? शौकीन मंडळी अशा गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात. अंग घरगुती, इंजिन मात्र पैलवानाचं. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय. २०१३ साली ती आपल्याकडे आली तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं, ताकद १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे ओढ, २५० न्यूटन-मीटर. आमच्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ओढ तिच्या निम्मीही नाही. शिवाय डिझेलची ही ओढ इंजिन फार न ओरडता, कमी फेऱ्यांवरच मिळते. चढावर फरक कळतो तो इथे.

अशी गाडी आता नवी मिळायची नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६चे नियम लागू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिनं बंदच केली. पोलोचं इथलं उत्पादनही २०२२ साली थांबलं. घ्यायची तर जुनीच.

मी हिशेब मांडला. महिन्याला दोन हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला सोळा किलोमीटर देतं, डिझेल अठरा धरलं. २०२५ साली मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होतं, तेच दर घेतले. महिन्याला वाचतात साधारण २,९०० रुपये, वर्षाला पस्तीस हजारांच्या आत. मला आकडा बरा वाटला.

आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती रंगवण्याचं काम चालतं आणि त्याचे हिशेब सौभाग्यवती पाहतात. तिनं माझाच कागद उलटा केला. "आपली गाडी दीड लाखाला जाईल, ती साडेचार लाखांना येईल. वरचे तीन लाख फिटायला किती वर्षं?" साडेआठ. २०१५ची गाडी तोवर पंधरा वर्षांची नोंदणी संपवून पुन्हा फिटनेसच्या रांगेत उभी असेल. त्यात टायमिंग बेल्ट, टर्बो, इंजेक्टर, क्लच आणि त्यामागचं फ्लायव्हील अजून धरलेलंच नव्हतं. यातलं एक जरी निघालं, तरी कित्येक महिन्यांची बचत गॅरेजात जमा.

पूर्वी डिझेल पेट्रोलपेक्षा फारच स्वस्त होतं, तेव्हा ही गणितं वेगळी होती. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले आणि सरकारी सवलतीचा तो जमाना संपला. आमच्या मनातून मात्र अजून संपलेला नाही.

"बचत म्हणू नकोस, हौस म्हण," ती म्हणाली. ते तीन लाख कारखान्याच्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेले आहेत. पावसात पाणी गळलं तर ओल्या रंगाचं काय होतं, हे पेणकराला सांगायला नको. मी सीएनजीचं नाव काढलं. पण त्यानं चढावरचा जोर आणखी कमी होणार आणि डिकीत टाकी बसणार. मग मूर्ती पोचवायच्या कशात?

तरी माझी बाजू अगदीच लंगडी नाही. आई रोह्याला एकटी असते, रात्री-अपरात्री निघावं लागतं. खिंडीत ट्रकला मागे टाकताना हाताशी ताकद असणं ही निव्वळ चैन नव्हे. मात्र खड्ड्यांतून आणि अंधारातून लवकर पोचवणारं इंजिन अजून कोणी काढलेलं नाही, हेही खरं.

ज्यांचं फिरणं माझ्या दुप्पट आहे, त्यांनी अशी गाडी जरूर पाहावी. सकाळी, इंजिन गार असताना चालू करून पाहा. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. २०१५च्या उत्सर्जन प्रकरणानंतर कंपनीनं भारतातल्या तीन लाखांहून अधिक गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर केली होती. आपल्या गाडीचं ते काम झालं का, ते विचारा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि नाव बदलायला २९ व ३०.

आमचं ठरलं ते असं. यंदा पत्रे. जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन आणि क्लच पेणच्या मेस्त्रीकडून तपासून घ्यायचे. दम कमी झाला तो वयानं की क्लच घसरल्यानं, हे आधी कळू दे. डिझेलचा विषय गणपती गेल्यावर पुन्हा काढायला मला परवानगी आहे.