पाठीचा कणा, बरगड्या आणि आपण ज्येष्ठ

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. उभं आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करतो. आपल्या कण्यात मणके ३३. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालच्या ५ मणक्यांचं जुळून एकच हाड होतं आणि शेवटचे चारेक म्हणजे माकडहाड. गंमत अशी की जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही मणके सातच!

पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या. पुरुषाला एक बरगडी कमी असते म्हणतात, ते खरं नाही. वरच्या ७ जोड्या लवचीक कूर्चेने थेट छातीच्या हाडाला मिळतात, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकतात आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच. श्वास घेताना बादलीची कडी उचलावी तशा बरगड्या वर आणि बाहेर जातात, छाती रुंदावते. म्हणजे हा सगळा पिंजरा मागून कण्याच्या आधारावर आहे. कणा वाकला की पिंजरा खाली बसतो आणि फुप्फुसांना जागा कमी पडते.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या थोरल्या वहिनींना स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना. पाठीला बाक आलेला, एक जिना चढल्या की धाप. सगळे म्हणायचे, "वय झालं आता." पुढे भलत्याच कारणासाठी एक्स-रे काढला, तर पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झालेले! कधी झाले, त्यांना पत्ताच नाही. कुठे पडल्याही नव्हत्या. हाडं ठिसूळ झाली की भरलेली बादली उचलणं, रिक्षाचा खड्ड्यातला गचका, एवढंही पुरतं. खोपटचा एसटी स्टँड आपल्याला जवळ आहे. गावाला जाताना लवकर निघा, पण मागचं बाक नको.

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. पुरुषांनीही निश्चिंत राहू नये.

योगासनांबद्दल एक सांगतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत नेला. आपल्यातले काही जण घंटाळीच्या वर्गाला जाऊन आलेत. चांगलंच आहे. पण पुढे वाकण्याच्या आसनांत मणक्याच्या पुढच्या भागावर भार येतो. हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाचे अंगठे धरायला जाऊ नका.

स्वस्तातली तपासणी म्हणजे उंची मोजणं. मात्र सकाळीच मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्यांतलं पाणी कमी होतं आणि संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर तरी बुटका भरतो. तरुणपणची उंची आठवत नसेल तर जुना पासपोर्ट काढा, त्यात लिहिलेली असायची. ४ सेंटीमीटरहून जास्त घट दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी लागेल का, ते ठरवतील. वहिनींना आता औषधं सुरू आहेत.

सेक्रेटरीसाहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर टेप लावून दिला आहे. रविवारी सकाळी आठ ते नऊ मी वही घेऊन तिथे बसेन. चपला काढून यायचं आणि जुना आकडा बरोबर आणायचा.