इंग्रजी वाक्यांची जोडणी
"प्रवासी भोरहून निघाला. तो वरंध घाट उतरला. तो महाडास पोहोचला." ही तीन वाक्ये इंग्रजीत एकत्र करावयास सांगितली, म्हणजे विद्यार्थी प्रत्येक सांध्यावर 'अँड' बसवितो. मराठीत मात्र तोच सहज म्हणेल, "भोरहून निघालेला प्रवासी वरंध घाट उतरून महाडास पोहोचला." येथे मुख्य क्रियापद एकच उरले, बाकीची दोन त्याच्या सेवेस लागली. इंग्रजीत हेच काम 'हू' व 'हॅविंग' करितात. परंतु येथे एक धोका आहे. "घाट उतरताना पाऊस आला" हे मराठीस खपते. "कमिंग डाउन द घाट, द रेन केम" असे लिहिल्यास इंग्रजीत पाऊसच घाट उतरू लागतो! म्हणून मुख्य गोष्ट कोणती व कर्ता कोण, हे आधी ठरवावे. मगच वाक्ये जोडावीत.