हातच्या विद्येची इयत्ता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या प्रसंगी कोणा विद्वानाने समाजास चार शब्द सांगावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यावर शिक्षकाची पदविका, आणि पुढे सर्व हयात मुलांकडून पाढे घोकून घेण्यात गेली. तेव्हा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले ते पांडित्यासाठी खचित नसावे. मात्र गुणगौरवाची यादी आम्ही पुष्कळ वर्षे तयार करीत आलो, आणि आजचा विषय त्या यादीतूनच निघालेला आहे. घरांना, दुकानांना व गोदामांना जे कॅमेरे, धोक्याच्या घंटा आणि विजेची कुलपे बसविली जातात, ती बसविणाऱ्या आपल्या मुलांविषयी आम्ही बोलणार आहोत. त्यांची विद्या कोणत्या इयत्तेची आहे, ती इयत्ता कोणी ठरवावयाची, आणि आपण सर्वांनी त्या बाबतीत आजवर किती हेळसांड केली, हे सांगावयाचे आहे.

आपली घराणी लोहारकामाची. आमच्या आजोबांच्या लोहारशाळेत पोर दहा-बारा वर्षांचे झाले की प्रथम त्याच्या हाती भात्याची दोरी येई. वारा किती घालावा हेही सांगितल्यावाचून करावयाचे नाही. दंडात बळ आले की घण. तोही आजोबांची हातोडी जेथे टिचकी देईल तेथेच मारावयाचा. त्यानंतर काही वर्षांनी सांडशी. ज्याच्या हाती सांडशी, त्याच्या ताब्यात तापलेले लोखंड. त्या कामाचा जाब त्यानेच द्यावयाचा. विळ्या-कोयत्याला पाणी पाजण्याचे काम मात्र आजोबांनी अखेरपर्यंत स्वतःकडे ठेविले. तेथे चुकले तर धार तुटते किंवा वळते, आणि बोल घराण्याला लागतो.

या पायऱ्यांचा दाखला कोठेही लिहिलेला नव्हता. त्याची गरजच नव्हती. ज्याच्या दाराचा कडी-कोयंडा किंवा ज्याच्या गाडीच्या चाकाची धाव, तो मनुष्य ऐरणीसमोर बसून काम पाहत असे. कोण भात्यावर आणि कोण सांडशीवर, हे साऱ्या गावास ठाऊक होते. गावाचा डोळा हाच दाखला.

आता आपली मुले कडी-कोयंडे घडवीत नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात, औद्योगिक वसाहतीतील डाळगिरण्यांत, जिनिंगच्या आवारात ती शिडी लावून कॅमेरे बसवितात. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यांतही कॅमेरे आले आहेत, कारण विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल रात्रीत कापून नेली जाते. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. असे हे काम वाढते आहे. पण या कामात गिऱ्हाईक अनोळखी, तार भिंतीत पुरलेली, पेटी कपाटात बंद. कोण भात्यावरचा आणि कोण सांडशीवरचा, हे पाहावयास गावाचा डोळा येथे पोहोचत नाही.

त्याचा परिणाम काय होतो ते आमच्या पाहण्यातील दोन गोष्टींवरून सांगतो. धुळ्यास देवपुरात आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाच्या घरी चोरी झाली. घराला चार कॅमेरे होते. पोलिसांनी चित्रण मागितले तेव्हा दिसून आले की, दिवसभराचे चित्र स्वच्छ आहे, आणि अंधार पडल्यापासून फाटकाकडील कॅमेरा रोज बंद पडतो आहे. उरलेल्या कॅमेऱ्यांत एक सावली दिसली, परंतु पेटीतील घड्याळ कित्येक महिने मागे होते. ही व्यवस्था ज्याने बसविली तो मुलगा आपल्याच समाजाचा. तो लबाड नव्हे. त्याला कोणी शिकविलेच नव्हते की, कॅमेरा बारा व्होल्टवर चालतो, आणि तार बारीक व लांब असली की ते व्होल्ट वाटेतच गळतात. दिवसा कसेबसे भागते. रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागले की त्याची भूक वाढते आणि तो मिटतो. जाड तार घेतली असती, किंवा विजेचा पुरवठा कॅमेऱ्याच्या जवळ दिला असता, तर ते टळले असते. घड्याळाचे तर त्याला काही महत्त्वच वाटले नव्हते.

घड्याळाचे महत्त्व किती असते ते जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरील खटल्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा तेथे वाद, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्यांचा. त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल तर अशा चित्रणासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तर तज्ज्ञाच्या सहीचाही भाग आहे. म्हणजे शिडीवर चढून स्क्रू पिळणारा आपला मुलगा, त्याला ठाऊक असो वा नसो, न्यायालयाच्या दारापर्यंत जाणारे काम करीत असतो.

दुसरी गोष्ट आमच्या अधिक जिव्हारी लागलेली आहे. आमचा एक जुना विद्यार्थी या कामात खरोखर निष्णात आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चित्रांची पेटी ठेवली तर तिच्यातील तबकडी उष्म्याने लवकर जाते, म्हणून तो पेटीची जागा आधी पाहतो आणि मग दर सांगतो. मावळतीच्या उन्हाकडे कॅमेऱ्याचे तोंड करीत नाही. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार विकली जाते, ती चाकूने खरवडून पाहतो. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकाकडून स्वतःसमोर बदलवून घेतो आणि तो शब्द आपण ऐकत नाही. त्याने एका संस्थेच्या कामासाठी निविदा भरली. 'प्रमाणित तंत्रज्ञ' या रकान्यात त्याला काही लिहिता येईना. काम दुसऱ्या एका ठेकेदारास गेले, आणि त्या ठेकेदाराने ते ह्याच मुलाकडून रोजंदारीवर करून घेतले. सर्व काम ह्याचे, सही दुसऱ्याची.

बंधुभगिनींनो, या मुलाकडे कागद का नाही, हे आम्ही सांगितलेच पाहिजे. तो दहावी झाला तेव्हा त्याचे वडील आम्हांस विचारावयास आले होते. "गुरुजी, आयटीआयला घालू का?" आम्ही म्हणालो, तेथे नापासांची मुले जातात, त्याला अकरावीला घाला. वडिलांनी गुरुजींचा शब्द मानला. मुलगा कशीबशी बारावी होऊन एका दुकानात हरकाम्या राहिला, आणि जे शिकला ते पडत-झडत शिकला. देवपुरातला तो पहिला मुलगा आणि हा, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु गिऱ्हाइकाच्या दारात दोघे सारखेच उभे असतात. दोघांच्या खांद्यावर सारखीच पिशवी, आणि जो शंभर रुपये कमी सांगेल त्याला काम.

कायदा याविषयी काय म्हणतो ते आम्ही शोधून पाहिले, आणि थोडे चकित झालो. दारावरच्या पहारेकऱ्यासाठी २००५ चा खाजगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे. त्याखालील २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत पहारेकऱ्याला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष शिक्षण सांगितले होते. कॅमेरा या वस्तूला ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या झाल्या. चाचणी नसेल तर तो विकता येत नाही. पहारेकऱ्याला कागद, कॅमेऱ्याला कागद. पण तो कॅमेरा जो हात बसवितो त्या हाताला मात्र कागदाची सक्ती नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप करणाराही आहे, ही आपणांस आनंदाची गोष्ट. विजेचे कुलूप बसविणारा तीत नाही.

घरातील विजेच्या कामाची स्थिती निराळी आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमापासून असे ठरले की, किरकोळ बदल सोडून वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणित माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. त्या नियमांच्या जागी २०१० चे व पुढे २०२३ चे विनियम आले, तत्त्व तेच राहिले. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, ज्याला या धंद्यात जन्म काढावयाचा आहे त्याने आधी विजेचा कागद घ्यावा. आयटीआयमध्ये तारतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय आठवी उत्तीर्ण मुलास मिळतो. वीजतंत्रीस दहावी लागते, मुदत दोनच वर्षे. कॅमेरा बारा व्होल्टचा असला तरी त्याचा पुरवठा भिंतीतील दोनशे तीस व्होल्टमधूनच येतो, आणि तेथे अज्ञानाला क्षमा नाही.

आता पायऱ्यांविषयी. २७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्यात प्रथम दहा स्तर होते; २०२३ मध्ये ते आठ झाले व मधे अर्धे स्तर आले. हे वाचावयास रूक्ष आहे, पण आम्ही जेव्हा नीट वाचले तेव्हा आम्हांस आजोबांची लोहारशाळा दिसली. मूळ आराखड्यात पहिल्या दोन स्तरांवरचा माणूस सतत सूचनेखाली काम करतो, त्याच्यावर जबाबदारी नाही, तो भात्यावरचा. तिसऱ्यावर नेमून दिलेल्या मर्यादेत थोडी जबाबदारी, तो घणावरचा. चौथ्यावर स्वतःच्या कामाचा जाब स्वतः द्यावयाचा, म्हणजे सांडशी हाती आली. पाचव्यावर दुसऱ्याच्या कामाचीही काही जबाबदारी. कॅमेरे बसविणाऱ्या तंत्रज्ञाची पात्रता इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने बांधली तेव्हा तिला चौथा स्तर दिला. याचा अर्थ, नुसती तार ओढणारा मुलगा या पात्रतेस पोहोचलेला नाही; बिघाड झाला तर का झाला हे ज्याला सांगता येते तो पोहोचला. शाळेच्या परीक्षेत आम्ही किती येते ते पाहत होतो. येथे कशाचा जाब देऊ शकतो तेही पाहतात, हे आम्हांस अधिक पसंत आहे.

परदेशांतही हा प्रश्न आलाच होता. अमेरिकेत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेमार्फत आगीच्या घंटा बसविणाऱ्या तंत्रज्ञांस चार पायऱ्यांची प्रमाणपत्रे मिळतात, आणि नुसती परीक्षा देऊन वर चढता येत नाही. कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. इंग्लंडमध्ये खोट्या घंटांनी पोलीस इतके बेजार झाले की, प्रमाणित संस्थेने बसविलेली घंटा असेल तरच तिच्या हाकेस पोलीस धावतात. 

कोणी म्हणेल, गुरुजी, कागद तर विकतही मिळतो. खरे आहे. तीन दिवसांत प्रमाणपत्र हाती देतो असे सांगणारे दलाल आमच्याकडेही येऊन गेले. ज्या वर्गात शिडी नाही, मोजमापाचे मीटर नाही, तो वर्ग नव्हे. प्रमाणपत्रावर मान्यताप्राप्त परिषदेचे नाव व स्तर छापला आहे काय, आणि परीक्षा घेणारा शिकविणाऱ्याहून निराळा होता काय, एवढे पालकांनी अवश्य पाहावे. पण खोटे नाणे बाजारात आहे म्हणून कोणी रुपया घेणे सोडीत नाही.

जे आधीच काम जाणतात, त्यांना पुन्हा वर्गात बसण्याची गरज नाही. अनुभवाने मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. चाळिशीच्या कारागिरास आता परीक्षेची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः त्यांच्यासोबत जावयास तयार आहोत; परीक्षेच्या मांडवाबाहेर बसण्याची आम्हांस जन्माची सवय आहे.

उरला मंडळाचा प्रश्न. आमच्या यादीत दहावी, बारावी, पदवी, वैद्यक, अभियांत्रिकी असे रकाने आहेत. आयटीआयचा रकाना नाही, आणि तो नसण्यास आम्हीच कारण आहोत. विद्यार्थी साहाय्य निधीतून आजवर पदवीच्या शिक्षणासच मदत दिली जाते. तारतंत्र्याच्या हत्यारांस वा परीक्षेच्या शुल्कास त्यातून एक रुपया गेलेला नाही. हा नियम बदलावा आणि पुढील वर्षापासून यादीत व्यवसाय प्रमाणपत्राचा रकाना, स्तरासह, घालावा, अशी लेखी सूचना आम्ही आज चिटणीसांच्या हाती दिली आहे. कोणास ती अमान्य असेल त्यांनी सभेत अवश्य बोलावे. लहान मोठेपणाचा यात प्रश्न आणू नये एवढीच विनंती. ज्यांची मुले डॉक्टर झाली त्यांचा मान यात कमी होत नाही.

या कामातील मुलांची नावनोंदणीची वही मंडपाच्या दाराशी, पावत्यांच्या टेबलावर ठेविली आहे. नाव, गाव, काम किती वर्षे करीत आहात, आणि कोणता कागद जवळ आहे, इतकेच लिहावयाचे आहे. मुलींनीही लिहावे. पहिले नाव आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याचे आहे. शेवटच्या रकान्यात त्याने 'काही नाही' असे लिहिले आहे. दुसरे नाव देवपुरातील कॅमेरे बसविणाऱ्या मुलाचे, तो आपण होऊन आला. दोघांच्या परीक्षा अद्याप व्हावयाच्या आहेत.