कचेरीचें दप्तर आणि खिशांतला फोन

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रोजकीर्दी, हिशेब, याद्या, अंमलदारांचीं पत्रें असा तो संभार आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, तेव्हां मराठ्यांच्या राज्यकारभारांतील कित्येक कोडीं उलगडलीं. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहास लिहावयाचा नव्हता. आज कोणता हुकूम झाला, कोणीं दिला, कोणत्या कामीं किती रुपये पडले, एवढेंच त्यानें नेमून दिल्याप्रमाणें टिपून ठेविलें. दप्तर म्हणतात तें हेंच. काम चालू असतां त्याचा जो माग मागें राहतो आणि पुढें जाब विचारावयास उपयोगीं पडतो, तो माग म्हणजे दप्तर.

आज हा माग कागदावर कमी आणि हातांतल्या फोनवर अधिक उमटूं लागला आहे. तालुक्याची कचेरी असो, शाळा असो, बँकेची शाखा असो कीं इस्पितळ असो, तेथील मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक समूह असतोच. मुसळधार पाऊस कोसळूं लागला म्हणजे 'उद्यां शाळा बंद' हा निरोप प्रथम तेथें येतो. पाहणीस गेलेला अभियंता खचलेल्या भिंतीचें छायाचित्र तेथेंच धाडतो, आणि वरिष्ठ अधिकारी दौऱ्यावरून 'काम सुरू करा' असें तेथेंच लिहितो. त्याखालीं चार आंगठे उमटतात. पूर्वीं निरक्षर मनुष्याचा आंगठा कागदावर घेतला, तर शेजारीं साक्षीदाराची सही घेण्याचा रिवाज होता. आतांचा आंगठा साक्षीदारावांचून उठतो, आणि तो 'वाचलें' म्हणून आहे कीं 'मान्य' म्हणून आहे, हें देणारासही पुष्कळदां सांगतां येत नाहीं.

ही सोय वाईट आहे असें मुळींच नव्हे. नदीला पूर आला असतां आवक-जावक बारनिशींत नोंद करून, शिपायाच्या हातीं लखोटा देऊन, निरोप धाडीत बसणें वेडेपणाचें ठरेल. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पूर ओसरल्यावर त्या निरोपाचें काय होतें?

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर कागद आणि पडदा असा भेद उरलेला नाहीं. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमानें दस्तऐवज, हस्तलिखितें व नस्त्या यांच्याबरोबर संगणकानें किंवा अन्य साधनानें निर्माण झालेलें साहित्यही अभिलेखांत धरलें आहे. आणि त्यांतील अभिलेखांच्या नाशाविषयींचा नियम मोडणारास ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. महाराष्ट्राचा याच विषयावरील अधिनियम २००५ सालचा. त्याच वर्षींच्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपलें दप्तर सूची करून नीट लावून ठेवण्याचें बंधन घातलें, आणि 'माहिती' या शब्दाच्या व्याख्येंत ई-मेलचें नांव स्पष्ट लिहिलें. व्हॉट्सॲपचें नांव त्यांत नाहीं, कारण तें निघालेंच २००९ सालीं. परंतु 'कोणत्याही स्वरूपांतील कोणतेंही साहित्य' असे शब्द तेथें आहेत, आणि ते पुरेसे व्यापक आहेत.

मजकूर कायद्यांत बसतो. तो प्रत्यक्ष सांपडतो कीं नाहीं, ही गोष्ट वेगळी. याचा पडताळा ब्रिटनमध्यें आला. करोनाच्या साथींत तेथें २ लाखांहून अधिक माणसें दगावलीं. त्या दिवसांत मंत्री, त्यांचे सल्लागार आणि अधिकारी यांचा परस्परांतील विचारविनिमय पुष्कळसा व्हॉट्सॲपवर चालला होता. साथीच्या हाताळणीची चौकशी करण्यास निवृत्त न्यायाधीश बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग बसला, आणि त्यानें एप्रिल २०२३ मध्यें माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन व त्यांचे एक सल्लागार यांचे संदेश काटछाट न करतां मागितले. मंत्रिमंडळ कार्यालयानें हरकत घेतली. यांत असंबद्ध मजकूर फार आहे, तो गाळून मग कागद देऊं, असें त्याचें म्हणणें. काय संबद्ध आणि काय असंबद्ध तें आयोग ठरवील, असें आयोगाचें उत्तर. अखेर सरकार स्वतःच नेमलेल्या आयोगाविरुद्ध न्यायालयांत गेलें आणि ६ जुलै २०२३ रोजीं तेथें हरलें.

पण जिंकूनही आयोगाचा हात कांहीं अंशीं रिकामाच राहिला. जॉन्सन यांचा जुना फोन मे २०२१ मध्यें सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करण्यांत आला होता; त्यांचा क्रमांक १५ वर्षें इंटरनेटवर उघडा पडून होता, असें तेव्हां निष्पन्न झालें होतें. पुढें तो फोन जाणकारांकडून उघडविला, तरी २०२० च्या जानेवारीअखेरपासून जूनच्या आरंभापर्यंतचे सुमारें ५,००० संदेश कांहीं मिळाले नाहींत. साथीचे पहिले व सर्वांत कठीण महिने तेच. त्या वेळचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनींही, फोन अनेकदां बदलल्यामुळें आपले त्या काळचे संदेश आपल्याजवळ नाहींत, असें सांगितलें. आयोगाच्या दाराशीं मृतांचे आप्त हातांत छायाचित्रें घेऊन उभे राहत. आपला बाप किंवा आपली आई गेली, त्या आठवड्यांत राज्यकर्ते एकमेकांना काय सांगत होते, एवढेंच त्यांना हवें होतें.

स्कॉटलंडमधील प्रकार निराळा, आणि अधिक विचार करण्याजोगा आहे. तेथील माजी प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनीं जानेवारी २०२४ मध्यें आयोगापुढें संदेश पुसल्याचें मान्य केलें. महत्त्वाची गोष्ट अधिकृत नोंदींत उतरविलेली होती, असेंही त्या म्हणाल्या. वरवर पाहतां यांत गैर कांहीं नाहीं. कच्चें टिपण घ्यावें, त्यावरून पक्कें लिहावें आणि कच्चें फाडून टाकावें, ही दप्तरखान्यांची जुनीच रीत आहे. परंतु फाडण्यापूर्वीं कच्च्याची पक्क्याशीं रुजुवात दुसऱ्या कोणीं तरी पाहावी लागते. येथें सार काढणारा, रुजुवात घेणारा आणि फाडणारा एकच. त्यामुळें सार खरें असलें तरी तें पटवून देण्याचें साधन उरलें नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें स्कॉटलंडच्या सरकारनें सरकारी फोनांवर असलीं साधनें वापरणें पुढील वसंतापासून बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. हा उपाय कितपत पुरा पडेल याची शंकाच आहे, कारण माणसाला खिसे दोन असतात.

सरकारी कागद खाजगी घरांत राहणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. नाना फडणिसांचें दप्तर वाईजवळ मेणवलीस राहिलें. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि पुढें आयुष्यभर ते जुन्या घरांतील कागद धुंडीत गांवोगांव फिरले. वाळवीनें खाल्लेल्या रुमालांतही एखादें पत्र धड निघे. बंद पडलेल्या फोनची गोष्ट तशी नाहीं. त्याची किल्ली म्हणजे चार-सहा आंकडे, आणि ते धन्याबरोबर जातात.

फोन चालू असला तरी अडचणी थोड्या नाहींत. नोव्हेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपवर संदेश सात दिवसांनीं आपोआप नाहींसे करण्याची सोय झाली; पुढें २४ तास व ९० दिवस या मुदतीही आल्या. घरगुती गप्पांना ही सोय उत्तम. कचेरीच्या समूहांत कोणीं ती सहज चालू केली, तर दप्तराला रोज थोडथोडी आग लावल्यासारखें होतें. समूहांतील संभाषणाची प्रत काढतां येते खरी, परंतु तींत बोलणाराचें नांव प्रत काढणाराच्या फोनमध्यें जसें साठविलेलें असेल तसें उतरतें. हुकूम देणारे अधिकारी एका प्रतींत 'साहेब नवीन' असतात, दुसरींत नुसता क्रमांक असतात. दहा वर्षांनीं हे नवीन साहेब कोण, हें कोणीं सांगावें?

न्यायालयांत तर आणखी कसोटी लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या तंट्यांत उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर घेतला गेला कीं काय, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनांतील चित्रफितींत होता. चित्रफीत होती, तिच्यासोबत कायद्याला हवें असलेलें प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळालें नाहीं. मूळ यंत्र हजर केलेलें नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच, असें सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं सांगितलें. पक्षकारानें शक्य तें सर्व केलें होतें म्हणून त्या एका खटल्यापुरती सवलत दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या प्रमाणपत्रांत 'हॅश' नांवाचा आंकडाही द्यावा लागतो. हा आंकडा म्हणजे मजकुरावरून गणितानें काढलेला ठसा. एक काना बदलला तरी ठसा बदलतो.

आणि ज्या भिंतीवर हें सारें लिहावयाचें ती भिंत परक्याची आहे. कचेऱ्यांसाठीं मुद्दाम काढलेलें मेटा कंपनीचें 'वर्कप्लेस' २०१६ सालीं सुरू झालें. मे २०२४ मध्यें कंपनीनें तें बंद करण्याचें ठरवून ग्राहकांना मुदत दिली: ऑगस्ट २०२५ अखेर वापर, मे २०२६ अखेर केवळ वाचन, त्यानंतर कांहीं नाहीं. भारतीय भाषांचा डांगोरा पिटून निघालेलें 'कू' जुलै २०२४ मध्यें मिटलें. घरमालकानें निदान भाडेकरूस नोटीस दिली, एवढेंच समाधान.

अमेरिकेंत हा धडा पैशांनीं शिकविला जातो. कर्मचाऱ्यांनीं खाजगी फोनवर धंद्याचें बोलणें केलें आणि पेढ्यांनीं तें जपलें नाहीं, एवढ्यासाठीं तेथील रोखे बाजाराच्या नियामकानें सप्टेंबर २०२२ मध्यें १६ पेढ्यांवर मिळून १०० कोटी डॉलरांहून अधिक दंड बसविला. केंद्र सरकारच्या नोकरांना तेथें २०१४ च्या कायद्यानें एक सुटसुटीत नियम लावला: खाजगी खात्यावरून सरकारी काम केलेंच, तर २० दिवसांच्या आंत त्याची पूर्ण प्रत सरकारी खात्यावर पोंचविली पाहिजे. बंदीपेक्षां हा मार्ग शहाणपणाचा दिसतो. महाराष्ट्र शासनानेंही जुलै २०२५ मध्यें कर्मचाऱ्यांना वैयक्तिक व कार्यालयीन खातीं वेगळीं ठेवण्यास बजावलें, आणि बदली झाल्यास कार्यालयीन खातें पुढच्याच्या हवालीं करावें असें सांगितलें. दप्तराचा कारभार जसा यादी करून दिला-घेतला जातो, त्यांतलाच हा प्रकार.

सगळेंच जपावें, असें मात्र कोणी समजूं नये. कचेरीच्या दप्तरांत 'अ' वर्गाचे कागद कायम राहतात आणि 'ड' वर्गाचे वर्षभरानें नष्ट होतात, ही वर्गवारी फोनलाही लागू पडते. रोज सकाळीं येणारीं शुभेच्छांचीं फुलें 'ड' वर्गांतही बसविण्याचें कारण नाहीं. सहकाऱ्याच्या आजाराची विचारपूस, मुलाच्या बारशाचें आमंत्रण, हें कचेरीनें साठवून ठेवणें हा उघड अतिक्रम आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही, हेतु संपला म्हणजे माहिती पुसावी, अन्य कायद्यानें राखणें भाग असेल तेवढीच राखावी, असें सांगतो. तेव्हां ज्या ओळींत हुकूम, मंजुरी, नकार, तक्रार किंवा पैसा असेल ती ओळ त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, नांव, हुद्दा आणि वेळ घालून नस्तींत उतरवावी. बाकीची गप्प पुसावी. हें काम कोणाचें, तें नांवानिशीं ठरलेलें पाहिजे. सगळ्यांचें काम म्हणून सोडलें कीं तें कोणाचेंच राहत नाहीं.

हीच गोष्ट शहरांतील गृहनिर्माण संस्थांत दर पावसाळ्यांत पाहावयास मिळते. गच्ची गळूं लागते. सचिव समूहावर तीन ठेकेदारांचीं दरपत्रकें टाकतात. रात्रीं अकरा वाजेपर्यंत वादविवाद होतो आणि शेवटीं एका दरास बहुतेकांची संमति पडते. काम सुरू होतें. दोन वर्षांनीं गच्ची पुन्हां गळते, आणि हमीची मुदत किती ठरली होती यावर ठेकेदाराशीं तंटा उभा राहतो. एव्हांना सचिव वारलेले असतात. त्यांचा फोन घरांत खणांत पडलेला असतो, आणि त्याचे आंकडे त्यांच्या पत्नीला ठाऊक नसतात. कोणी आपला फोन पाहतो, तर त्यानें जागा पुरेना म्हणून जुनें सारें पुसलेलें. मग कार्यालयाचें कपाट उघडून इतिवृत्ताची वही काढतात. तींतली शेवटची नोंद गणेशोत्सवाच्या वर्गणीची असते.