सांथ येण्यापूर्वीं सांगावयाचें
(दुष्काळ निवारण समितीच्या सभेंत वर्धा येथें केलेलें भाषण)



धान्य, कडबा व पाण्याचे टँकर यांसाठीं आपण सढळ हातानें दिलेंत. त्याचा जमाखर्च पुढें छापला आहे. आज निराळ्या बाबीसाठीं आम्ही पदर पसरतों.

दुष्काळामागोमाग पटकी येते, कारण विहिरी आटल्या कीं माणसें व गुरें एकाच डबक्यावर येतात. १८९९-१९०० च्या दुष्काळांत तिनें असंख्य बळी घेतले. परंतु नुसत्या हुकुमानें सांथ हटत नाहीं. १८९७ सालीं पुण्यास प्लेगच्या वेळीं सोजिरांकडून घरांच्या झडत्या झाल्या, समजावणें मागें राहिलें, आणि लोक रोगी लपवूं लागले.

उलट उदाहरण १९७१ चें. बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं बनगांव येथें काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांचें सलाईन संपत आलें, तेव्हां त्यांनीं मीठ-साखरेचें पाणी नातलगांकरवींच पाजविलें. शेंकडा तीसच्या जवळ गेलेलें मृत्यूचें प्रमाण चारच्या आंत आलें. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: एवढेंच प्रत्येक आईस आधीं ठाऊक हवें.

१९३९ सालीं वर्ध्यास पटकी उद्भवली, तेव्हां डॉ. सुशीला नायर यांनीं तिला जवळजवळ एकट्यानें तोंड दिलें. आज गांवोगांव आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या हातीं हस्तपत्रक द्यावें, पण त्याबरोबर क्लोरीनच्या गोळ्याही द्याव्या. ज्या घरीं सरपण नाहीं तेथें 'पाणी उकळून प्या' हा उपदेश थट्टाच होय. कोलाम पोडावर कोलामी बोलणारा माणूस धाडावा.

व्यापारी मंडळींस स्पष्ट सांगणें आहे. बाजार बसेल या भयानें बातमी दाबूं नये. दाबलेली बातमी अफवा होऊन हिंगणघाटास पोंचतेच, आणि मग बाजार दुप्पट दिवस बसतो. बागायतदारांनीं, घरीं जुलाब-वांत्या लागलेल्या मजुराची मजुरी कापणार नाहीं, असें आधींच जाहीर करावें. म्हणजे रोगी लपविण्याचें कारण उरणार नाहीं.

निधीपैकीं शेंकडा पांच रक्कम पत्रकें, दवंडी, गोळ्या व मीठ-साखर यांसाठीं राखावी, अशी विनंति आहे. हें सर्व मृगाच्या पावसापूर्वीं गांवोगांव पोंचलें पाहिजे. देणग्या समितीच्या चिटणिसांकडे द्याव्या व छापील पावती घ्यावी.